अकरा फेब्रुवारीचं निरोपाचं कार्ड

१४ जानेवारी २०१६, गुरुवार

ही वही आमच्या दुकानाच्या व्यवस्थापकाने, नेव्हिलने, नाताळात दिली. दुकानात कोणीतरी दान म्हणून आणून टाकलेली, कोरी करकरीत, पण पानांवर साल छापलेलं, म्हणजे महिन्याभरात तिला कोणी हात लावणार नाही. म्हणाला, "घे, तुला तारखा घालायला आवडतंच." एकतीस वर्षं मी वाचनालयात पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारले, त्यावरची ही थट्टा. मी वाणसामानाच्या यादीवरही तारीख घालते. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

ही वही कोणीही वाचू नये. हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते.

आज लिहायला कारण घडलं. दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. दानातली पोती उपसत होतो. टर्नस्टोन हॉस्पिसच्या, म्हणजे मरणाऱ्या माणसांच्या शुश्रूषागृहाच्या, मदतीसाठी विकायला लोक काय काय देतात हे एकदा पाहण्यासारखं आहे. आज एक डाव्या पायाचा बूट निघाला, नुसताच. नेव्हिलने वाफेची इस्त्री बंद केली आणि म्हणाला, "ऑड्री, एकोणीस मार्चला मोकळी आहेस का? मी आणि एम्लिन लग्न करतोय. साक्षीला तू हवीस."

मी हातातला बूट खाली ठेवला. सोळा वर्षं गाव एम्लिनला नेव्हिलचा भाडेकरू म्हणतं. गावाला सगळं माहीत आहे आणि कोणी काही बोलत नाही, आमच्या स्कारथॉर्पची रीतच तशी. पलीकडच्या गावच्या नोंदणी कार्यालयात जाणार, दोन साक्षीदार, बाकी कोणी नाही. "झाल्यावर सांगेन सगळ्यांना, माझ्या पद्धतीने. तोवर तुझ्यापाशीच राहू दे." मी म्हटलं, माझ्यापाशी म्हणजे दगडाखाली.

माझा नवरा केन गेला त्या वर्षी मला नऊ महिने दर रविवारी जेवायला बोलावणारं एकच घर होतं, ते या दोघांचं. आनंद झाला मला. घरी येऊन थोडं रडलेसुद्धा.

२६ जानेवारी, मंगळवार

मिसेस लॉकवुडनी घरी कॉफीला बोलावलं. मला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

बाई आमच्या विश्वस्तांच्या अध्यक्ष. आधी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि अजूनही त्यांच्यासमोर बसलं की आपली नखं स्वच्छ आहेत ना असं वाटतं. पातळ कपबश्या होत्या, घरचे स्कोन होते, गोडसर लहान पाव, जरा कोरडे. हॉस्पिसच्या नव्या विभागाबद्दल बोलल्या. आठ खाटा वाढणार. लाकडाचे कारखानदार मि. गार्साइड सगळा भार उचलतायत, फक्त त्यांच्या आईचं नाव दारावर हवं. "जुन्या वळणाचे आहेत, रोज चॅपलला प्रार्थनेला जाणारे. आपली माणसं कोण, कशी, याची चौकशी करतात," बाई म्हणाल्या. आठ खाटा ऐकून मला केनची आठवण झाली. त्याला खाट मिळायला अकरा दिवस लागले होते, ते बाईंना सांगितलंही.

मग दुकानाचं विचारलं. मी मोकळेपणाने बोलले. इतक्या अगत्याने कोणी ऐकलं की माणूस बोलतोच. म्हणाल्या, "नेव्हिलकडे अजून तो भाडेकरू असतो का?" मी हसले. आता बाईंसारख्या शिकल्यासवरल्या माणसापाशी काय लपवायचं? आणि संस्थेकडून दोघांना काही भेट मिळाली तर बरंच, असंही मनात आलं. म्हणून सांगितलं की भाडेकरू कसला, मार्चमध्ये लग्न आहे त्यांचं, एकोणीस तारखेला. पण कोणाला बोलू नका.

बाईंनी कप बशीत ठेवला. "छान," म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "छान."

निघताना दारापर्यंत पोचवायला आल्या. फार थोर बाई आहे.

९ फेब्रुवारी, मंगळवार

पॅनकेकचा दिवस, ईस्टरच्या उपासांच्या आदला. माझे दोन करपले, कारण डोकं ठिकाणावर नव्हतं.

सकाळी नेव्हिल स्टेशनजवळच्या दुकानात गेला होता तेव्हा मिसेस लॉकवुड आल्या. मला कोटांच्या रांगेआड नेलं आणि हळूच म्हणाल्या, "नेव्हिल आपल्याला सोडून जाणार आहेत. अजून हे बाहेर आलेलं नाही. त्यांच्यापाशी विषय काढू नका, त्यांना अवघड होईल. पण निरोपाचं कार्ड नीट झालं पाहिजे. तीन दुकानं, बुधवारच्या स्वयंसेवक बायका, शनिवारच्या बायका, पंधरवड्याने येणारे. वेळ लागतो याला. हे काम तुमच्याइतकं चोख कोणी करणार नाही."

सोडून जाणार. आणि मला सांगितलं नाही.

म्हणजे लग्न झालं की दोघं एम्लिनच्या वेल्सला जाणार, उघड आहे. साक्षीला मात्र मी हवी. सही करायला ऑड्री, गुपितं सांगायला मिसेस लॉकवुड.

११ फेब्रुवारी, गुरुवार

कार्ड आणलं. मोठं, दीपगृहाचं चित्र असलेलं. खाकी पाकिटात घातलं, पाकिटावर एकोणतीस नावांची यादी केली. ज्याने सही केली त्याने आपल्या नावापुढे खूण करायची. नेहमीचीच पद्धत.

पहिली सही मीच केली: "प्रिय नेव्हिल, जाशील तिथे सुखात राहा. आमच्याशिवाय मात्र फार करमू नये, एवढीच इच्छा. ऑड्री थॅक्रे, ११ फेब्रुवारी २०१६." बाकीचं जे लिहायचं होतं ते कार्डावर लिहिण्यासारखं नव्हतं.

दुपारी नेव्हिल अचानक मागच्या खोलीत आला. दुकानातल्याच जॉयसच्या मांडीवर पाकीट होतं. ती तशीच उठली, पाकीट खुर्चीवर टाकून त्यावर बसली, आणि पाऊण तास हलली नाही. जॉयसची कंबर बघता पाकिटाचं काय झालं असेल देव जाणे.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

नेव्हिलने आज विचारलं, "माझं काही चुकलं का गं?" मी म्हटलं, कुठे काय. म्हणाला, "दोन आठवडे तू माझ्या कपात साखर घालत नाहीयेस." मी म्हटलं, साखर वाईट असते.

तो बघत राहिला. मी हँगरवर कपड्यांच्या मापाचे ठोकळे लावत राहिले. सांगायचं असेल तर त्याने सांगावं. मी का विचारू?

एम्लिनने घरून जिगसॉची दोन चित्रकोडी पाठवली. दानात आलेला प्रत्येक जिगसॉ तो आधी स्वतः जोडून बघतो आणि मगच खोक्यावर चिठ्ठी लावतो. एकावर होतं "पूर्ण". दुसऱ्यावर "एक तुकडा नाही, आकाशातला". इतका प्रामाणिकपणा जिगसॉच्या बाबतीत असतो आणि माणसांच्या बाबतीत नसतो.

२ मार्च, बुधवार

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

नेव्हिलला विश्वस्तांनी सकाळी बोलावलं होतं. अकराला परत आला आणि कोट न काढता मागच्या खोलीत बसला. चेहरा पांढराफटक. मी चहा केला, साखर घातली. म्हणाला, तिन्ही दुकानं एकाच माणसाखाली आणायचा प्रस्ताव आहे, त्यात त्याची जागा जाऊ शकते. "पण ठरलेलं काही नाही म्हणाल्या. कायद्याने आधी माझं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. सोळा तारखेला ऐकणार आहेत. मी पटवून दिलं तर वाचेल सगळं. बारा वर्षं झाली ऑड्री, उगाच कोणी काढत नाही."

म्हणजे त्याला माहीतच नव्हतं. वेल्सबिल्स काही नव्हतं. तीन आठवडे मी त्याच्याशी अबोला धरला, आणि ज्याने मला सांगितलं नाही म्हणून धरला त्याला ते ठाऊकच नव्हतं.

कार्ड त्या वेळी त्याच्या डोक्यावरच्या फळीवर होतं, मुलांच्या पुस्तकांमागे. अठ्ठावीस खुणा झालेलं.

मी तोंड उघडलं आणि म्हटलं, बिस्किट घे.

३ मार्च, गुरुवार

मिसेस लॉकवुडकडे गेले. या वेळी कॉफी नाही. मी म्हटलं, नऊ फेब्रुवारीला तुम्ही म्हणालात नेव्हिल जाणार आहेत. "मी म्हणाले ते आपल्याला सोडून जाणार आहेत. ते स्वतःहून जातायत असं मी कधी म्हणाले?" शाळेत उत्तर चुकल्यावर सांगावं तसं बाईंनी सांगितलं.

मग आवाज मऊ केला. सोळाची बैठक ही रीत आहे, ती पाळायलाच हवी. त्याला आता काही सांगणं म्हणजे त्याची उरलीसुरली उमेद काढून घेणं. आणि तिन्ही दुकानांना हाताशी एक अनुभवी माणूस लागणारच, त्यांच्या डोळ्यांसमोर माझं नाव आहे.

मी त्यासाठी गप्प बसणार नाहीये. पण उमेदीचं त्या म्हणाल्या ते खरं आहे. आणि कोणी सांगावं, बैठकीत ऐकतीलही.

६ मार्च, रविवार

नेव्हिल आणि एम्लिन आले होते. नेव्हिलने बैठकीसाठी आपलं म्हणणं लिहून आणलं, मी ते टाइप केलं. नऊ पानं. त्याने दुकान कसं उभं केलं, कोणत्या बाईचा नवरा हॉस्पिसमध्ये गेल्यावर तिला इथे कामाला कसं बोलावलं, सगळं. ती बाई मीच. नाव घातलं नव्हतं.

एम्लिन म्हणाला, "ऑड्रीचे डोळे बघ, नऊ पानं वाचून दमली बिचारी." नेव्हिल म्हणाला, "तू नसतीस तर मी काय केलं असतं गं."

मी तळटीपा नीट लावल्या. शेवटी तारीख घातली.

१६ मार्च, बुधवार

बावीस मिनिटं ऐकलं त्याचं. मग आभार मानले. एकतीस तारखेपासून जागा रद्द.

१९ मार्च, शनिवार

लग्न झालं. ऊन होतं पण वारा कापत होता. एम्लिनने खिशाला पिवळं डॅफोडिल लावलं होतं. शपथ घेताना नेव्हिलचा आवाज फाटला. त्याने नोकरी गेल्याचं दुःख त्या खोलीत आणलं नाही, दाराबाहेर ठेवून आला होता.

मी नोंदवहीत सही केली. नंतर आम्ही चौघांनी मासे-चिप्स खाल्ले, चौथी एम्लिनची बहीण. नेव्हिलने माझ्यासाठी ग्लास उचलला आणि म्हणाला, "जिला सगळं आधी कळतं तिच्यासाठी." सगळे हसले. मीही हसले.

३१ मार्च, गुरुवार

निरोप. केक, अंड्याची सँडविचं, मिसेस लॉकवुडचं चार मिनिटांचं भाषण. किती गोड बोलल्या. मग ते पाकीट त्याच्या हातात दिलं. टाळ्या.

नेव्हिलने कार्ड उघडलं. हसत हसत वाचायला लागला. मग त्याची नजर डाव्या कोपऱ्यात, वर, थांबली. माझी सही तिथे आहे. त्याने कार्ड मिटलं, सगळ्यांचे आभार मानले, अगदी नीट, आणि मागच्या अंगणात गेला. मी गेले मागोमाग.

"अकरा फेब्रुवारी," तो म्हणाला.

मी मागचं दार ओढून घेतलं.

"मला दोन मार्चला सांगितलं, काही ठरलेलं नाही. तू अकरा फेब्रुवारीला मला निरोप दिलास."

"मला वाटलं तुला माहीत आहे. तू स्वतःच जातोयस असं—"

"ठीक. दोन मार्चला कळलं ना, मला माहीत नाही म्हणून? मग सहा तारखेला तुझ्या स्वयंपाकघरात मी काय वाचत होतो, ऑड्री? नऊ पानं टाइप केलीस तू. तळटीपा लावल्यास."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्याने कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि फाटकाने गेला. केक तसाच राहिला त्याच्या वाट्याचा.

१२ एप्रिल, मंगळवार

सहा वेळा फोन केला. एम्लिनने एकदा उचलला आणि म्हणाला, "आत्ता नको, ऑड्री." एकवीस वर्षांची ओळख, आणि एका तारखेवरून. मी काय त्याची नोकरी घालवली? ज्यांनी घालवली त्यांनी घालवली. मी एक कार्ड फिरवलं. मलाही फसवलंच होतं की त्या बाईने, ते कोणी बघत नाही.

२४ मे, मंगळवार

जॉयस बातमी घेऊन आली: नेव्हिलने हॉस्पिसला न्यायाधिकरणात खेचलंय. समलिंगी आहे म्हणून काढलं असा दावा. मागच्या खोलीत दोन तट पडले. बहुतेकींचं म्हणणं, मरणाऱ्या माणसांच्या संस्थेवर कोणी खटला करतं का. जॉयस म्हणाली, "मग मरणाऱ्यांच्या नावाने काहीही करायचं का? माझा धाकटा मुलगा तसाच आहे. उद्या त्याला कोणी काढलं तर तुम्ही मला सँडविचं करून द्याल." कोणाला माहीत नव्हतं. कोणीतरी किटली लावली.

संध्याकाळी मिसेस लॉकवुडनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. घाबरायचं कारण नाही म्हणाल्या. हे कायदे बँकांना, कारखान्यांना. आपण धर्मादाय संस्था, चर्चमधल्या माणसांनी काढलेली. आपली माणसं आपण निवडू शकतो.

मला ते तेव्हा पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

१४ जुलै, गुरुवार

पटवून घेतलेलं फुकट गेलं. संस्थेच्या वकिलाने बाईंना सांगितलंय म्हणे की कायदा जसा कारखान्याला तसा आपल्याला. सवलत आहे ती पाद्री नेमताना वगैरे. जुने कोट विकणाऱ्या माणसाला ती लागू होत नाही.

त्यामुळे आता नवंच ऐकू येतंय. चर्चचं नाव कोणी काढत नाही. आता म्हणतात, हे फक्त दुकानं एकत्र करण्यापुरतं होतं, आणि त्याच्या खाजगी आयुष्याची कोणाला काही कल्पनाच नव्हती.

८ सप्टेंबर, गुरुवार

मिसेस लॉकवुडकडे पुन्हा कॉफी. स्कोन ताजे होते.

टेबलावर एक कागद टाइप करून ठेवलेला, खाली माझं नाव, सहीला जागा. त्यात लिहिलं होतं की निरोपाचं कार्ड मी सोळा मार्चनंतर आणलं, आणि सही करताना माझ्याकडून तारीख चुकली. बाई म्हणाल्या, "आपल्या वयात कोणाचीही चुकते, ऑड्री. कोणी नावं ठेवणार नाही."

मी म्हटलं, महिनासुद्धा चुकला का माझा?

त्यांनी चष्मा काढला. थकलेल्या दिसत होत्या, पहिल्यांदाच. "मि. गार्साइडनी हात काढला तर आठ खाटा जातील. एका बाजूला आठ खाटा, दुसऱ्या बाजूला एक माणूस, ज्याला दुसरी नोकरी मिळेल. केनना किती दिवस थांबावं लागलं होतं? अकरा ना? मी विसरले नाहीये."

केनचं नाव घेतलं त्यांनी. अकरा दिवस मी त्याला घरी कसं सांभाळलं ते बाईंना मीच सांगितलं होतं, याच खुर्चीत बसून. माझंच घेऊन माझ्यावर उगारलं. चीड आली, इतकी की कप ठेवताना बशीला लागला आणि टवका उडाला. मला वाईट वाटलं नाही.

मी कागद घरी वाचते म्हटलं. दारात म्हणाल्या, "आणि नेव्हिल कसे राहतात, कोणाबरोबर, हे मला कधीच माहीत नव्हतं. तुम्हालाही माहीत असायचं कारण नव्हतं. बरोबर ना?"

१५ सप्टेंबर, गुरुवार

आठवडाभर तो कागद पावाच्या डब्याखाली आहे.

आज तारखांची खात्री करायला ही वही पहिल्यापासून वाचली. अकरा फेब्रुवारी अकरा फेब्रुवारीच आहे, ते मला ठाऊकच होतं. मी सव्वीस जानेवारीवर अडकले.

तीन वेळा वाचलं. माझं अक्षर किती सुबक आहे त्या दिवसाचं. "पण कोणाला बोलू नका" असं बाईंना बजावलंय मी. आणि शेवटी लिहिलंय, फार थोर बाई आहे.

सात महिने मी म्हणतेय मला फसवलं. नेव्हिलने फसवलं, मग बाईंनी फसवलं. आणि गार्साइडला, विश्वस्तांना, सगळ्यांना हे मुळात कळलं कुठून, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. नेव्हिलनेही कधी विचारलं नाही. त्याला वाटत असेल गावातून कळलं. माझ्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नसेल. त्याने एकाच माणसाला सांगितलं होतं.

मी. एका कोरड्या स्कोनसाठी.

२० सप्टेंबर, मंगळवार

बसने शहरात जाऊन नेव्हिलच्या वकील मिस अख्तर यांना भेटले. तरुण आहे, ब्रॅडफर्डकडची बोली, टेबलावर मुरांब्याच्या बाटलीत पेनं. मी म्हटलं, कार्डावरची तारीख खरी आहे, आणि ती खोटी आहे असं म्हणायला मला कागद दिलाय. कागद त्यांच्यापुढे ठेवला.

वाचून झाल्यावर त्या हसल्या, पण आनंदाने नाही. "मी खूप मालक पाहिले. पण कायदा मोडून माणूस काढायचा आणि त्याला नीट सह्या केलेलं कार्ड दिल्याशिवाय मात्र पाठवायचं नाही, हे इथेच पाहिलं. ते कार्ड त्यांनी फिरवलं नसतं तर आमच्या हातात काही नव्हतं."

मग म्हणाल्या, कार्डाने अर्धंच काम होतं. बैठकीआधी निर्णय झाला होता एवढं दिसतं. का झाला, ते दिसत नाही. मिसेस लॉकवुड शपथेवर सांगतात की त्यांना काही माहीत नव्हतं. "त्यांना कळलं होतं, कधी आणि कोणाकडून, हे दाखवता आलं तर खटला उभा राहतो. नाहीतर आम्ही बहुतेक हरू. तुम्हाला काही कल्पना आहे, मिसेस थॅक्रे?"

वही माझ्या पिशवीत होती. मांडीवरच.

मी म्हटलं, बघते.

२२ सप्टेंबर, गुरुवार

पहाटेपासून वेगवेगळे विचार केले. ते एक पान फाडता येईल. पण त्याच्याच मागच्या बाजूला नऊ फेब्रुवारी आहे, पॅनकेकचा दिवस, बाईंनी कार्ड करायला सांगितलं तो. ते गेलं तर हेही जातं. मग वाटलं, तोंडीच सांगावं, बाईंना माहीत होतं म्हणून, कोणी सांगितलं ते गुळमुळीत ठेवावं. पण न्यायाधिकरणात पहिला प्रश्न तोच येणार. शिवाय मी गुळमुळीत ठेवून या वर्षात काय काय केलंय ते मी नुकतंच वाचलंय.

दहा वाजता दुकानात जाऊन किल्ली जॉयसच्या हातात दिली. काय झालं ते तिला थोडक्यात सांगितलं, माझ्या वाट्याचंही. तिने किल्ली खिशात टाकली. मग म्हणाली, "माझ्या धाकट्याचं आता तुला माहीत आहे. ते तरी ठेव स्वतःपाशी." मी मान हलवली. त्याहून जास्त बोलायचा मला हक्क नव्हता.

आता नेव्हिलच्या गल्लीच्या तोंडाशी बाकावर बसून लिहितेय. वकिलीणबाईंकडे ही वही जाईलच, पण परक्या माणसाच्या कचेरीत, छायाप्रतीवर, माझं हे अक्षर त्याने पहिल्यांदा बघू नये. त्याने ते माझ्यासमोर वाचावं. दार लावून घेतलं तर घेतलं. खिडकीत एम्लिन दिसतोय, मान खाली घालून जिगसॉ लावतोय. अजून दुकानासाठीच करतो म्हणे. बसने पाठवतो, नाव न घालता, चिठ्ठी लावून.

पहिल्या पानावर मी लिहिलंय की ही वही कोणीही वाचू नये. ते आता खोडते.

नेव्हिल, आधी सव्वीस जानेवारी वाच. बाकीचं मग, तुला वाचावंसं वाटलं तर.

ऑड्री थॅक्रे, २२ सप्टेंबर २०१६. तारीख बरोबर आहे.